लटारीचा ओडा

सकाळच्या गाडीचा गार्ड आमच्या मूल गावच्या स्टेशनावर उतरला आणि मला म्हणाला, "मास्तर, लटारी गेला." मी शाळेतला जुना नकाशा गुंडाळून हातात धरून उभा होतो, नागभीडला लटारीकडे पाठवायला. मी आपला विचारतो, "कुठी गेला?" गार्डनं टोपी काढली. मग म्हणाला, "काल दुपारी. खाटेवरच." तरी मी गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, बरं, हे लटारीले देऊन दे... गाडी हलल्यावर कळलं, मी काय बोललो ते. आज सव्वा महिना झाला, अजून डोक्यात शिरत नाही. रोज सहा मैल रूळ चालणारा, चाळिशीही न गाठलेला माणूस असा जातोच कसा? मला रडू येत नाही, राग येतो. खरं तेच सांगतो.

लटारी आमच्या छोट्या लाइनीवर चावीवाला होता. हातोडा घेऊन रोज रूळ चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या की ठोकून बसवायच्या, हे त्याचं काम. पण काखेत कायम एक बांबूची काठी, बरोब्बर अडीच फुटांची, म्हणजे छोट्या लाइनीच्या रुंदीइतकी. रेल्वेनं दिलेलं लोखंडी माप असताना ही कशाला, असं मी एकदा विचारलं. "लोखंड उन्हानं वाढते मास्तर. बांबू नाई वाढत." बोलून टाकलं की विषय संपला! या माणसाशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मला ठाऊक नाही.

तीन दिवाळ्यांमागे आम्ही दोघं समुद्र पाहून आलो. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान काकिनाड्याला जायचं होतं, एका जुन्या गलबताच्या दुरुस्तीसाठी. ट्रकवाला व्यंकटी सिरोंच्याचा, तेलुगू बोलणारा, माझ्या ओळखीचा. त्यानं आम्हाला शेजारी बसवून घेतलं. पण लटारीसोबत सडकेनं जाणं म्हणजे डोक्याला ताप. फाटक आलं की ट्रक थांबवायचा, उतरायचं, रुळांवर काठी आडवी टाकायची. मोठ्या लाइनीचं माप त्यानं राजुऱ्याच्या अलीकडेच ठरवून टाकलं होतं, दोन काठ्या आठ बोटं. तरी बेजवाड्यापर्यंत प्रत्येक फाटकाला मोजलं. व्यंकटी कपाळावर हात मारून घ्यायचा. "अरे बाबा, तेच हाय, तेच!" लटारी म्हणे, "पाहाले काय जाते?"

मग ताडाची झाडं, मिठाची पांढरी शेतं, आणि एकदम समुद्र. जन्मभर तळी आणि वैनगंगा पाहिलेला माणूस, काठी घेऊन पार पाण्याच्या कडेला गेला. म्हणाला, "मास्तर, इथी लाइन कुठी टाकावं?" वाळूवर ते गलबत कलतं पडलेलं होतं, शंभर वर्षांचं तरी असेल. मजूर त्याला दोर बांधत होते. व्यंकटीनं बोट दाखवून सांगितलं, "ओडा." लटारीनं आव देखा न ताव, धावत जाऊन दोर धरला आणि लागला ओढायला! आमच्या बोलीत ढचा ड होतोच. आम्ही 'काडा' पितो आणि बैलाला 'ओड' म्हणतो. तेलुगूत ओडा म्हणजे जहाज, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? मजूर वाळूत लोळून हसले. लटारीही हसला, आणि मग काठीनं अख्खं गलबत मोजलं. बेचाळीस काठ्या भरलं.

तेव्हापासून आमची ती खूण झाली. गाडीतून मी दिसलो की रुळाकाठून हाक यायची, "मास्तर, ओडा!" घरी मात्र तो जहाजच म्हणायचा. बायकोला, भागरताबाईला, एकदा ते दाखवायचंच होतं त्याला. रेल्वेचा पास निघत होता, सोबत मी यायचं ठरलं होतं. आणि मी शहाणा, दोन वर्षं म्हणत राहिलो, पुढच्या दिवाळीत जाऊ. या दिवाळीचं नक्की केलं, म्हणून तर नकाशा...

तेरवी झाल्यावर नागभीडला गेलो. अंगण सारवलेलं होतं, पण मधला एक पट्टा तसाच कोरडा. त्यात खाटेच्या पायांच्या दोन रेघा, आंब्यापासून दारापर्यंत. भागरताबाई उंबऱ्यात बसली होती, अर्धी झालेली. मला पाहताच तिनं एकच विचारलं.

"मास्तर, छातीत दुखते म्हनून आडवे झाले. अन् 'ओडा, ओडा' म्हनत. आमाले वाटलं, ऊन लागून राह्यलं. खाट सावलीत ओडली. तरी तेच. मंग दारापाशी ओडली. सारा मोहल्ला ओडून राह्यला होता. आखरीले माह्याकडं पाहून म्हनले, ओडा. माह्याकून काय ओडाचं राह्यलं? पंधरा दिस झाले, कोनी सांगत नाई."

मी तिला सगळं सांगितलं. दोर, मजूर, व्यंकटीचं बोट. ओडा म्हणजे ते जहाज, बाई. तुले दाखवाचं होतं ते.

तिनं त्या रेघांकडे पाहिलं.

"म्हंजे ते तिथी होते," ती म्हणाली, "अन् आमी त्यायले इकडं ओडत होतो."

ती उठली, कोनाड्यातली काठी आणून माझ्या हातात दिली आणि त्या रेघा दाखवल्या. मी काठी आडवी टाकली. दोन बोटं कमी पडली. लटारी असता तर लाइन चुकली म्हणून भांडलाच असता. मी काठी उचलायला वाकलो, तशी ती झटकन म्हणाली, "राहू द्या, मास्तर. आता काई ओडू नका."

काठी अजून तिथंच आहे.