न विचारता जोडायचं यंत्र

रोसारिओ शहरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ‘आमचं सगळं खुलं आहे’ हे वाक्य उठताबसता ऐकू येतं. म्हणणारा ओस्वाल्दो जियानेत्ती, आमचा प्रमुख. त्याने ‘करकोचा’ बनवला. लांब चोचीचं हे यंत्र एका नळीतून द्रव उचलतं आणि पुढच्या नळ्यांमध्ये अगदी सारखं वाटतं. असलं परदेशी यंत्र घ्यायचं तर घर विकावं लागेल. करकोचा चालतो तो मोडीतल्या प्रिंटरच्या मोटरी, एक दातेरी पट्टा आणि थ्रीडी प्रिंटरवर छापून काढलेले प्लास्टिकचे भाग यांवर. त्याचे नकाशे इंटरनेटवर फुकट आहेत, ज्याला हवे त्याने घ्यावेत. फक्त यंत्र जोडायचं कसं, हे ओस्वाल्दोच्या तोंडात होतं आणि त्यासाठी त्याला फोन करावा लागे.

फोन आला की तो खुलायचा. कोणी लेखी विचारलं तर उत्तर म्हणून लांबलचक बोललेला निरोप पाठवायचा, त्यात मध्येच कुत्रं भुंकायचं, बायको जेवायला हाक मारायची. मी तिथे मोटरी आणि तारा बघतो. पट्टा किती ताणायचा हे मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “छेडून बघ. गिटारच्या जाड तारेसारखा वाजला की झालं.” मला गिटार येत नाही. ते कसं वाजतं हे मी आजतागायत अंदाजानेच ठरवत आलो आहे.

एका संस्थेचं अनुदान आलं. त्यात अट होती की यंत्राची माहिती नीट लिहून नकाशांसोबत लावायची. म्हणून नेलिदा बुस्तोसला घेतलं. नेलिदाने उमेदीची सगळी वर्षं एका कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कारखान्यात यंत्रासोबतची पुस्तिका लिहिण्यात घालवली होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. बोलायला कमी, पण बोलली की लागेल असं.

पहिल्या आठवड्यात तिने नुसती शोधाशोध केली. स्क्रूंच्या चार याद्या सापडल्या, चारही वेगळ्या. फोटोंत यंत्रापेक्षा ओस्वाल्दोचा अंगठाच मोठा. “हे यंत्र तुम्ही बनवलंय की लपवलंय?” तिने विचारलं. आम्ही हसलो. ओस्वाल्दोही हसला, पण जरा उशिरा.

तिची कामाची रीत आम्हाला नवी होती. एक पान लिहिलं की यंत्र कधी न पाहिलेल्या माणसाला बोलवायचं. कधी शेजारचा बेकरीवाला, कधी समोरच्या शाळेतून पोरींना न्यायला आलेली एखादी आई. त्या माणसाने फक्त पान वाचून जोडायचं आणि ओस्वाल्दोने समोर बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. त्याला गप्प ठेवायला नेलिदा त्याच्याकडे सगळ्यांना येर्बा, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पाजायचं काम द्यायची. भोपळ्याच्या पेल्यात गरम पाणी ओत, ओढायची नळी पुढे कर, परत घे. आमच्याकडे हे काम मानाचं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. तरी बेकरीवाल्याने पट्टा उलटा बसवला तेव्हा तो ओरडलाच, “अरे गाढवा, दाते आत!”

“बाहेर अंगणात जाऊन बस,” नेलिदा म्हणाली. “तो गाढव नाही. ‘दाते आत’ हे पानावर नाहीये. तू काय प्रत्येक गावात जाऊन ओरडणार आहेस?”

पट्ट्याच्या ताणाचं तिने असं केलं: किलोभर येर्बाचं बंद पुडकं पट्ट्याच्या मधोमध टांगायचं आणि पट्टा किती खाली येतो ते मोजपट्टीने बघायचं. येर्बाचं पुडकं या देशात कुठल्या घरात नसतं? ते वाचून मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. ओस्वाल्दो म्हणाला, “गंमत आहे.”

उन्हाळ्याच्या तोंडावर दूरच्या चाको प्रांतातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यातून फोटो आला. योलांदा आयाला आणि तिची मैत्रीण, दोघी तिथल्या प्रयोगशाळेत रक्त तपासतात. डेंग्यूच्या दिवसांत हाताने थेंब टाकून टाकून योलांदाचा अंगठा सुजायचा. त्यांनी नेलिदाची पानं वाचून करकोचा उभा केला होता. एकही फोन न करता. फोटोत दोघी यंत्राच्या दोन बाजूंना नव्या सुनेला घेऊन उभं राहावं तशा उभ्या.

आम्ही टाळ्या वाजवल्या. नेलिदाचे डोळे भरून आले. ओस्वाल्दो फोटो मोठा करकरून बघत होता. “एकदाही विचारलं नाही?” तो म्हणाला. “मग काहीतरी चुकलंच असणार.” त्याने स्वतः योलांदाला फोन लावला आणि खोदून खोदून विचारलं. काही चुकलेलं नव्हतं. दुपारभर तो आमच्या करकोच्याचे स्क्रू उगाचच काढत आणि घालत बसला. मला तेव्हा त्याची कीवही आली नाही, खरं सांगतो.

मग त्याला अचानक सुधारणेची हुक्की आली. पट्टा काढून तिथे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा घातला, चोचीचा सांगाडा बदलला आणि जुन्या नकाशांच्या जागी सरळ नवे चढवले. नेलिदाची पानं मात्र तशीच खाली राहिली. आता नकाशात दांडा आणि लिखाणात पट्टा.

“जुने नकाशे परत लाव,” नेलिदा म्हणाली. “नवे शेजारी ठेव, नाव वेगळं दे. नवी पानं मी लिहिते, पण आधी कोणाकडून तरी जोडून घेऊ.”

“दोन दोन कोण सांभाळणार? लिखाण काय, मागाहून होईल.”

“मागाहून म्हणजे केव्हा?”

“अगं, लोक विचारतील ना मला.”

त्यानंतर मी तो विषय दोनदा त्याच्यापाशी काढला. दोन्ही वेळा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. जागा त्याची आणि इंटरनेटवरचे नकाशे बदलायची किल्लीही त्याच्याकडे, आम्ही कोण सांगणारे?

ऐन डेंग्यूत योलांदाच्या यंत्राचा चोचीजवळचा एक तुकडा मोडला. तिने नकाशावरून नवा छापला. अर्थातच बसेना. तिने पानं पहिल्यापासून परत वाचली, पट्टा काढला, घातला, पुडकं टांगलं. दोन दिवस दोघींनी हाताने थेंब टाकले आणि शेवटी फोन केला.

ओस्वाल्दोने फोन मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला. नेलिदा समोरच बसली होती. त्याने तासभर समजावलं. कुठे घासायचं, कुठे तार बांधायची, काय ऐकू यायला हवं. इतका आनंदात मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. अखेर पलीकडे यंत्र घरघरलं.

“साहेब, तुमचे उपकार झाले हो,” योलांदा म्हणाली. “एवढा मोठा माणूस, आमच्यासाठी तासभर बसलात. त्या पानांनी तर आमचा घात केला. कोणी लिहिलीत देव जाणे, माणसाने जबाबदारीने लिहावं की नाही?”

मी तोंड उघडलं. नेलिदाने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. ती ओस्वाल्दोकडे बघत होती. त्याच्या एका वाक्याचं काम होतं.

“कागदाचं असंच असतं, योलांदा,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी सरळ मला विचार.”

फोन ठेवून तो शीळ घालत अंगणात गेला. मी नेलिदाला म्हणालो, “तू का नाही बोललीस?”

“काय बोलू? तिचं खरंच आहे. त्या पानांवर आता चुकीचंच लिहिलेलं आहे.”

तिने संगणक पुढे ओढला. नकाशे बदलायची किल्ली तिच्याकडे नव्हती, पण स्वतःची पानं बदलता येत होती. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘लेखन: नेलिदा बुस्तोस’ असं होतं. एकेक पान उघडून तिने तेवढी ओळ पुसली, बाकी अक्षरालाही हात लावला नाही. महिनाअखेर ती काम सोडून गेली. नाव पुसल्याचं ओस्वाल्दोला अजून कळलेलं नाही. ती पानं तो उघडतच नाही.