विझणारा गिझर आणि बाळाची आंघोळ

ताईच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं, नेमक्या त्याच सकाळी आमचा गॅसचा गिझर रुसला. मागच्या पडवीतल्या भिंतीवर तो टांगलेला. नळ सोडला की टक्टक् व्हायचं, भप्पकन निळी ज्योत पेटायची, पाणी जरा ऊन व्हायचं आणि ज्योत गुल. पुन्हा सोडा, पुन्हा गुल. बाहेर गडचांदूरची थंडी, बाळ जेमतेम महिन्याचं, आणि मूलहून ताईच्या सासरची मंडळी निघालेली. शेगडीवर पाणी ठेवावं तर तिथे पाहुण्यांचा भात नि वरण चढलेलं.

मेकॅनिकला फोन केला. "कोरपन्याले हाव, दुपारी येतो," तो म्हणाला.

"दुपारी त्याले जेवाले बोलाव," आई म्हणाली. "गिझर आपणच पाहू."

घरातलं काही बंद पडलं की आईचे डोळे चमकायला लागतात. तिनं पदर खोचला. "सेल गेले असन!" टॉर्चमधले मोठे सेल काढून तिनं गिझरमध्ये घातले. नळ सोडला. ज्योत आली.

"पेटला व माय!" आई ओरडली. विझला.

मग सिलिंडर. बाबांनी उचलून पाहिलं, चांगलं भारी होतं. मग टाकी. बाबा स्वेटर घालून गच्चीवर गेले नि वरूनच ओरडले, "टाकी भरून हाय!"

"मंग काऊन विझून राह्यला?" आईनं खालून विचारलं, जणू टाकीच उत्तर देणार होती.

मी नळापाशीच उभी होते. पुन्हा पुन्हा सोडून पाहताना एक गोष्ट दिसली. ज्योत जायच्या आधी पाण्याची धार बारीक व्हायची. मी धावत जाऊन मोरीचा थंड नळ सोडला. तिथे बादली दणदणत होती.

"आई, टाकी भरली हाय, मोरीत धार जोरात हाय, अन् गिझरातूनच पाणी बारीक येऊन राह्यलं. मधात काहीतरी अडकलं! पाणी कमी झालं का गिझर आपोआप विझते."

आईनं माझ्या पाठीत असा धपका घातला की मी पुढे झुकले. "खोल मंग!"

गॅस बंद केला, पाण्याचा कॉक बंद केला. पाइपाचा नट हलेना. मी पान्हा धरला, माझ्या हातांवर आईनं हात ठेवले, आणि दोघी लोंबकळलो. नट सुटला तसं उरलेलं पाणी आईच्या तोंडावर उडालं. ती हसायलाच लागली. आत बटणाएवढी जाळी होती. जाळी कसली, पांढरा खडाच! आमच्याकडचं पाणी चुनखडीचं, पातेल्यांच्या बुडाशी पांढरा थर बसतो. तोच इथे साचला होता.

कोशिंबिरीसाठी आणलेलं लिंबू मी कापलं आणि जाळी त्याच्या रसात टाकली. बारीक बुडबुडे आले. आई वाटीवर वाकून म्हणाली, "पाह्य, लिंबू कसं खाऊन राह्यलं चुन्याले!" जुन्या टूथब्रशनं घासून मी जाळी उजेडात धरली. एकेक भोक दिसत होतं.

सगळं परत बसवलं. ताई बाळाला दुपट्यात गुंडाळून दारात आली, बाबा गच्चीवरून उतरले. मी नळ सोडला. टक्टक्, भप्प. बादली अर्धी झाली.

"हाय! अजून हाय!" आई म्हणत होती. बादली भरली, काठावरून वाहायला लागली, वाफ आमच्या तोंडावर आली, तरी नळ बंद करायचं कुणाला सुचेना. शेवटी ताई खेकसली, "अवं, बाळाले आंघोळ घाला ना!"

बाळ न्हाऊन लालबुंद झालं आणि दुधाआधीच झोपलं. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. आईचं लुगडं अजून ओलंच. तिनं विहीणबाईंना बसूही दिलं नाही, हात धरून थेट मागच्या पडवीत नेलं नि म्हणाली, "बाई, सोडा नळ."

बाईंनी घाबरत नळ सोडला. ज्योत फुलली. आईनं जाळीची नि लिंबाची सगळी गोष्ट सांगून टाकली.

"आमच्या घरचाबी असाच विझते!" त्या म्हणाल्या. "कुठी असते थे जाळी?"

दोघी गिझरखाली माना वाकड्या करून उभ्या राहिल्या. आत सतरंजीवर सगळे बुद्धवंदनेसाठी बसले होते. मी दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे त्या आल्या.