दुपारचा ओझोन

श्यामसुंदर पावसकर एपीएमसीच्या कांदाबटाटा बाजारात एका गाळ्यावर कारकून होते. पहाटे जायचे आणि दुपारच्या जेवणाला घरी हजर. अंगात कांद्याचा वास असा मुरलेला, की त्यांच्या पत्नी सरोजिनीवहिनी म्हणायच्या, "हे जिना चढायला लागले की वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना माहेर आठवतं."

घणसोली गावाला खेटून उभ्या राहिलेल्या आमच्या सोसायटीत वहिनींच्या टोमण्यांना मोठी किंमत होती. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात त्यांचा दमा उलटला आणि टोमणे हप्त्यांनी येऊ लागले. "तुमच्यासारखा नवरा..." इथपर्यंत यायचं, मग दम्याच्या पंपाचा एक झोत, मग "...जाऊ दे." श्यामसुंदर पुढच्या अर्ध्यासाठी थांबून राहायचे. तो यायचाच नाही.

कारण हवा. सकाळी डोंगराच्या अंगाने कंपन्यांकडचा धूर सरकत यायचा, संध्याकाळी खाडीकडून कुठल्यातरी जळत्या कचऱ्याचा. दोरीवरच्या बनियनवर राखेची रांगोळी. पावसकरांनी फटींत जुनी धोतरं कोंबली, तरी धूर घरजावयासारखा आत येऊन बसायचा.

त्याच सुमारास एका स्थानिक साप्ताहिकाने हवेचा अंदाज छापायला सुरुवात केली. नेमका राशिभविष्याच्या खाली. त्यामुळे पावसकर तो त्याच श्रद्धेने वाचत. एका अंकात आलं, 'सकाळ-संध्याकाळ धुराचा त्रास. दुपारी ऊन स्वच्छ. ओझोन वाढण्याची शक्यता.'

पावसकर उडालेच. गणपतीत सोसायटीच्या 'ओझोन वाचवा' भाषणस्पर्धेचे अध्यक्ष तेच होते. एकूणएक पोरांनी ठासून सांगितलं होतं की ओझोन म्हणजे पृथ्वीची छत्री आणि ती विरत चालली आहे.

"अगं सरोज, साऱ्या जगात कमी पडतोय आणि आपल्या घणसोलीत वाढतोय! चल, गॅलरीत बस."

"रेशनकार्ड..." पंप. "...घेऊ का?"

रोज दुपारी गॅलरीत खुर्ची पडू लागली. शेजारच्या बंडू साळवींनी कठड्यावरून विचारलं, "काय शामराव, वहिनींना वाळत घातलंय काय?"

"ओझोन देतोय."

"मग आमच्या बॉसला पण पाठवतो. त्याला काहीच लागू पडत नाही."

वहिनींनाही लागू पडेना. मग पावसकरांनी, चांगला माणूस करतो तेच केलं: मात्रा वाढवली. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. स्वतः शेजारी स्टुलावर बसून ते सांगायचे, "खोल घे. अजून खोल." आणि त्या बिचाऱ्या घ्यायच्या. छातीसाठी नव्हे, नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता म्हणून.

एका दुपारी वहिनींचे ओठ निळे पडले. बंडूने रिक्षा थांबवली, पावसकरांनी बायकोला अक्षरशः उचलून आत ठेवलं आणि वाशीच्या दवाखान्यापर्यंत ते एकच वाक्य बोलत होते, "आलोच बघ, आलोच."

मास्क लावून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुपारी कुठे असतात या?"

"गॅलरीत. ओझोनमध्ये. पेपरात आलंय ना, दुपारी वाढतो म्हणून," पावसकर म्हणाले. अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, तो वर आभाळात असतो तेव्हा छत्री. खाली नाकाशी आला की छाती पोळून काढतो. गाड्या-कंपन्यांच्या धुरावर ऊन पडलं की तयार होतो. ती सूचना घरात बसा म्हणून होती."

"पण पोरं तर..." एवढंच बोलून पावसकर बाकावर बसले. त्यांनी विचारलं, "सकाळी धूर, दुपारी हा, संध्याकाळी परत धूर. मग हिने श्वास घ्यायचा कधी?"

"माहेर कुठलं यांचं?" बाईंनी विचारलं.

"संगमेश्वर."

"तिकडे न्या. लवकर."

पावसकर कॉटशी गेले. "मीच बसवलं गं तुला त्यात."

वहिनींनी मास्क जरा बाजूला केला. "तुम्हीपण... बसलात ना... शेजारी."

त्यावर पावसकर जे रडले, त्याचा दोष कांद्याला देता येणार नव्हता.

आठवडाभराने पनवेलच्या एसटी स्टँडवर वहिनींचा भाऊ त्यांना न्यायला आला. पावसकरांना जाता येत नव्हतं. संगमेश्वरात कांद्याचा गाळा कुठून आणणार? खिडकीशी बसलेल्या वहिनींनी विचारलं, "न्यायला कधी येणार?"

"हवा बरी झाली की."

कंडक्टरने निघायची डबल घंटी मारली, इंजिनाने धक्का खाल्ला आणि मागून काळ्या धुराचा लोट उठून थेट त्या खिडकीकडे निघाला.

"काच लाव! सरोज, काच लाव!" पावसकर दोन्ही हात हलवत गाडीबरोबर धावू लागले.

गोंगाटात वहिनींना ऐकू गेलं नाही. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाने चारचौघांत असा निरोप कधी दिला नव्हता. त्यांनी काच होती तीही पार मागे सारली, धुरात तोंड बाहेर काढलं, आणि हसत हसत हात हलवत राहिल्या.