यादीतलं पाचवं नाव

परवा शुक्रवारी संध्याकाळी, इथे उमेळ्यात, आमच्याच बिल्डिंगच्या आवारात माझ्यावर घोर अन्याय झाला. आमच्या चर्चच्या समूहाची प्रार्थना होती आणि मला साडेतीन पायांची खुर्ची मिळाली... बाकी सगळ्यांच्या खुर्च्यांना चार पाय. मी कुणाचं काय वाकडं केलं होतं? तासभर एका मांडीवर तोल सांभाळत मी परमेश्वराला हेच विचारत होतो.

समोर माइकपाशी फिलोमिना उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरची. हा प्रश्न विचारायचा हक्क तिला माझ्याहून थोडा जास्त होता...

तिचा नवरा इनास इलेक्ट्रिशियन. चर्चच्या सणाची रोषणाई दरवर्षी तोच करायचा, तेही फुकट. अकरा महिन्यांपूर्वी चर्चचाच स्पीकर दुरुस्त करून स्कूटरवरून घरी येत होता आणि राँग साइडने पाण्याचा टँकर आला. टँकर पळाला... इनासला कमरेखाली हालचाल नाही.

आमची माणसं भेटायला गेली. कुणी सफरचंदं नेली, कुणी सल्ले. घराण्यात कुणाचं तरी पाप असणार, आधी ते कबूल कर, असंही तिला सांगून झालं. त्यावर फिलू म्हणाली म्हणे, कबुलीच हवी असेल तर त्या टँकरवाल्याला शोधा. तेव्हापासून सल्ले थांबले... सफरचंदंही.

तर परवा तिची साक्ष होती. प्रार्थनेने आपलं काय भलं झालं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात. आमचा समूह चालवणाऱ्या रेजिनाबायच्या ओळखीचे परदेशातले एक गृहस्थ इनासच्या सहा महिन्यांच्या फिजिओथेरपीचा खर्च उचलायला तयार होते. त्यांना साक्षीचा व्हिडिओ पाठवायचा होता. त्यात जरा आशेचं काही दिसलं तर बरं, असं रेजिनाबायचं म्हणणं. बाई वाईट नाही हो... इनाससाठीच धडपडत होती.

साक्ष लिहायला मी. या भागातली निरोपाची भाषणं आणि श्रद्धांजल्या माझ्याकडूनच लिहून नेतात. गेलेल्या प्रत्येक माणसाला मी मनमिळाऊ करून ठेवलंय, मग जिवंत माणसाला उभं करणं काय अवघड? मी लिहिलं, 'एका पहाटे देवाने त्याच्या पायांत बळ घातलं आणि इनास भिंत धरून उभा राहिला.' वाक्य मला फार आवडलं होतं.

फिलू त्याला भरवून, धावतपळत खाली आली. कागद तिच्या हातात पडला तो थेट माइकपाशी. दुसऱ्या हातात मोबाइल... वर इनास एकटा, म्हणून कॉल चालूच ठेवलेला. पहिल्या चार ओळी तिने नीट वाचल्या. मग माझं आवडतं वाक्य आलं आणि ती थांबली.

तिने कागदाची घडी घातली. आवाज जराही चढला नाही.

"हे खरं नाही. इनास उभा राहिलेला नाही. राहील की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आम्ही कुठल्या पापाची फेड करतोय असंही मला वाटत नाही. देवाशी माझं रोज भांडण होतं... पण बोलणं मी बंद केलेलं नाही. त्याच्या नावावर खोटं सांगितलं तर उद्या त्याच्याशी बोलू कशी?"

रेजिनाबाय हळूच म्हणाली, "फिलू, अगं, थेरपीचं..."

"ठाऊक आहे, बाय. पाय त्याचे आहेत, त्यालाच विचारा." तिने मोबाइल माइकजवळ धरला. आवारात आधी खरखर... मग इनासचा आवाज आला. "ती म्हणते तेच."

कोपऱ्यातलं शूटिंग बंद झालं. तो व्हिडिओ गेला नाही, आणि थेरपीचं काय होणार ते अजून कुणालाच माहीत नाही.

जाता जाता फिलूने एकच मागितलं. इनासला एकटं सोडून रविवारी चर्चला मिस्सेला जाता येत नाही, मोबाइलवर बघावी लागते, तेवढ्यासाठी प्रार्थना करा म्हणाली. सगळ्यांनी माना खाली घातल्या... मीही.

वास्तविक त्यासाठी प्रार्थनेची गरज नव्हती. त्यासाठी यादी होती. अपघातानंतर आम्हीच केलेली, दर रविवारी एकाने तासभर इनासजवळ बसायचं, म्हणजे फिलू चर्चला जाईल. चार रविवार चार जण गेले. पाचवं नाव माझं होतं. त्या दिवशी माझी कंबर धरली होती... निदान मी तसं कळवलं होतं. मग सहाव्याला कुणी विचारलंच नाही.

आज रविवारी सकाळी साडेसहाला तीन मजले चढून बेल वाजवली. पाचवं नाव आलंय म्हटलं, जरा उशीर झाला. फिलूने क्षणभर बघितलं आणि साडी बदलायला आत गेली.

इनासच्या खाटेशेजारच्या स्टुलाला चारही पाय होते. तक्रारीला जागाच नाही... बसलो. तोच म्हणाला, "भाऊ, कागदावर मला उभं केलंत. आता जरा कुशीवर वळवा."

वळवलं. माणूस किती जड असतो ते लिहिताना कळत नाही.

मिस्सेहून आल्यावर फिलूने हे सगळं इथे लिहायला परवानगी दिली. अट एकच, फुलवायचं नाही. चहाही दिला... आणि मी निघण्याआधी त्यांच्या कॅलेंडरवर पुढच्या रविवारच्या चौकोनात सहावं नाव लिहून आलो. सध्या तेही माझंच आहे.