चहाआधी उघडलेलं टूल

चहा झाला, भज्यांची प्लेट दोनदा फिरली, तरी पडद्यावरचं वाळूचं घड्याळ हलेना. आमच्या साखर कारखान्याचे संचालक मात्र खूश होते. पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर उघडत होतं ना!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या त्या कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. कोणाचा ऊस कुठं, कधी लावला, ही सगळी नोंद डेटाबेसमध्ये असायची. त्यात काही बदलायचं तर काळ्या पडद्यावर कमांड टाइप करावी लागे. ग्राफिकल टूल असलं की तेच काम माऊसने होतं. असं टूल निवडायचं होतं. उसाचं गाळप तोंडावर आलं होतं. चेअरमन आबासाहेबांनी मला बजावलंच होतं, "मॅडम, सीझनात कॉम्प्युटर अडला तर ऊस फडात वाळंल. मग तुमची नोकरी मला वाचवता यायची न्हाई."

पुण्याचं टूल एकदाचं उघडलं. "लई भारी हाय," धारूरकडचे संचालक बप्पा म्हणाले.

मग मी माझ्या पसंतीचं टूल दाखवलं. एका फ्लॉपीत मावणारं. आमच्या मशीनची मेमरी, म्हणजे एका वेळी काम मांडायची जागा, बेताची होती. तिला हेच झेपणार होतं. क्लिक केलं आणि शिपाई मारुतीमामा रिकामे कप उचलेपर्यंत नोंद समोर हजर.



"झालं?" बप्पांनी विचारलं.

"झालं."

"दुसरा चहा बी न्हाई आला अजून! असलं कुठं काम असतंय का? पोरखेळ हाय ह्यो."

पुण्याचं टूल ट्रायलवर ठेवायचं ठरलं. ते उघडलं की त्याच डेटाबेसवर चालणाऱ्या बाकी मशीन आजारी पडायच्या आणि ऑपरेटर हातावर हात ठेवून बसायचे. बाहेर शेतकरी तोडणीची तारीख विचारत उभे. मी तक्रार केली तर बप्पा म्हणाले, "नवा बैल सुरुवातीला अडतोच." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या बैठकीला मी तीच फ्लॉपी घेऊन गेले. आधी मारुतीमामांना गाठलं. "मामा, भजी सावकाश तळा."

बैठक सुरू होताच टूल उघडलं आणि लगेच मॉनिटर बंद केला. कॉम्प्युटरच्या डब्यावरचा बारका दिवा तेवढा लुकलुकत होता. बप्पा त्याच्याकडे आदराने बघत होते. "आत मोठं काम चालू दिसतंय," ते शेजारच्याला म्हणाले. चहा झाला. भजी संपली. मग मी मॉनिटर लावला.

"आता कसं!" बप्पा खुलले. "मागच्या टायमाला कावून असं न्हाई दाखवलं?"

टूल मंजूर.

सगळे गेल्यावर आबासाहेब मागे थांबले. "मॅडम, मॉनिटर बंद होता. दिसत होतं मला."

फ्लॉपी काढता काढता मी थांबले. "मग तुम्ही बोलला नाहीत?"

"कावून बोलू? माझे सगळे ठराव घरूनच पक्के होऊन आलेले असत्यात. बैठकीत मी बी नुसता चहाच पाजतो."

त्या सीझनात कॉम्प्युटर अडला नाही, नोकरीही टिकली. आजही कोणी विचारलं, तर मी हलकंच टूल सुचवते. भज्यांचं ज्याचं त्याने बघावं.