ताटातले पाच रंग

मी पाट्या रंगवतो. पस्तीस वर्षं झाली. बाजारातल्या निम्म्या फळ-भाजीवाल्यांच्या पाट्या माझ्या हातच्या. मी काढलेली द्राक्षं बघून पोपटही चोच मारेल, असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणत फिरतो. पोपटांनी अजून मनावर घेतलेलं नाही.

खाण्याचं म्हणाल, तर भाजी ही ताटाच्या कडेला सरकवायची वस्तू, एवढंच मला ठाऊक. बायको म्हणते, "लग्नाआधी सांगितलं असतंत, तर एक बकरी पाळली असती. वाया तरी गेलं नसतं."

मग गेल्या वर्षी बारीक अक्षरांच्या कडा मला विरघळल्यासारख्या दिसायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"साखर वाढलीय काका. वेळीच आवरली नाही, तर डोळ्यांवर येईल."

पेंटरचे डोळे गेले तर मागे उरतं काय? नुसती मिशी.

"गोळ्या देतेय. पण भाज्या-फळं वाढवा. ताटात रोज पाच रंग दिसले पाहिजेत. रंगांचं तुम्हाला मी काय सांगायचं!"

या शेवटच्या वाक्याने घात केला. रंगांतलं मला कळतं, या गुर्मीत मी घरी आलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगांच्या नमुन्यांचं शेड कार्ड टांगलं आणि रोज पाच रंगांपुढे पेन्सिलीने खूण करू लागलो. एक दिवस चुकवला नाही. बायको सकाळीच शिवणकारखान्यात जाते, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं.

पंधराव्या दिवशी ती त्या कार्डापुढे उभी राहिली. कौतुकाने म्हणाली, "अगंबाई, जांभळंसुद्धा? वांगं खाल्लंत?"

"जेली."

"आणि हिरवं?"

"सरबत. बाटलीतलं."

"लाल?"

"जॅम," मी म्हणालो. आवाज आपोआप बारीक झाला.

ती ओरडली नाही. स्टुलावर बसली, तेव्हा माझी जास्त तंतरली.

"तुमचे डोळे गेले ना, तर हात धरून फिरवायला मी रिकामी नाही. माझ्या हाताला कामं आहेत," ती म्हणाली. तोंड फिरवून ती उठली आणि तिने टोपलीतून एक बीट काढून माझ्यापुढे आदळलं. शेजारी सुरी.

"काढा याचं चित्र."

"हात्तिच्या! शंभर काढलीत."

"आतून काढा."

मी बीट कापलं आणि बघतच राहिलो. आत गोल गोल वळ्या, एकीत एक, गडद-फिकट.

"अगं, याच्या आत वळ्या आहेत!"

"पस्तीस वर्षं बीट रंगवताय ना तुम्ही?"

मी गुपचूप चित्र काढलं. संपल्यावर तिने चकत्यांवर लिंबू पिळलं आणि बशी पुढे सरकवली. "मॉडेल पोटात घाला आता."

मातीचा वास आला. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या चकतीला जरा कमी आला.

तेव्हापासून रोज पाच मॉडेलं. आधी कापायची, मग काढायची, मग खायची. गाजराच्या मध्ये फिकट चांदणी असते. टोमॅटोत खोल्या असतात, त्याही भाडेकरूंनी गच्च भरलेल्या. भोपळ्याशी अजून माझं जमत नाही. त्याचं चित्र मी सावकाश काढतो. हल्ली पाट्यांवरही मी सगळं कापूनच दाखवतो. एक भाजीवाला म्हणाला, "पेंटर, एखादी भाजी धड ठेवशील की नाही?"

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. साखर उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी मला भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. बायको दाराशी पर्स आवळून उभी.

"शेवटची ओळ वाचता येतेय का काका?"

मी वाचली. मग राहवलं नाही. "बाई, हा तक्ता कुणी रंगवलाय? शेवटचा 'ळ' डावीकडे कललाय."

डॉक्टरीणबाई उठून भिंतीला नाक लावून बघू लागल्या.

मागून बायको पुटपुटली, "चला. डोळे शाबूत आहेत. आज भोपळा."