सरळ केलेला जिना

समजा, तुमच्यापुढे जुन्या, मऊ पडलेल्या सुती कापडाचे तीन थर एकावर एक अंथरलेत. हातात सुई आहे. सांगणं एवढंच, की रोज जी वाट चालता ती साध्या धावदोऱ्यानं कापडावर काढा. पेन्सिल नाही, पट्टी नाही. टाका वाकडा गेला तर जाऊ द्या, उसवायचा नाही. जमेल?

टाचणीमावशीला शेवटचं तेवढं जमत नव्हतं. शाळेसमोरच्या गाळ्यात ती सव्वीस वर्षं लोकांचे कपडे अल्टर करून देत होती. ओठांत कायम दोन-तीन टाचण्या, म्हणून मुलांनी तिला हे नाव ठेवलेलं. चित्रकलेच्या बाईंनी बंगालमधल्या कांथ्याबद्दल वाचून शाळेत हा उपक्रम काढला होता. तिकडच्या बायका जुन्या साड्यांचे थर जोडून, काठांतूनच काढलेल्या दोऱ्यांनी त्यावर आपल्या भोवतालचं शिवत. इथे चाळीस मुलांचे चाळीस तुकडे जोडून एक मोठं पांघरूण शुक्रवारी सभागृहात लागायचं होतं. शिकवणं आणि जोडणी मावशीकडे.

"मावशी, सुई टोचली."

"टोचली म्हणजे जागा आहेस. शिव."

दोन आठवडे असे गेले. बुधवारी तुकडे गाळ्यात आले, आणि त्यातले पाच बघून मावशीचे हात शिवशिवायला लागले. टाके कुठे तांदळाएवढे, कुठे बोटभर.

"उसवायचं नाही म्हटलंय ना बाईंनी?" शेजारी इस्त्री करणारा नवरा म्हणाला.

"उसवत कुठं आहे? नीट करतेय."

"तुला देवानं डोळे दिलेत की फूटपट्टी?"

जित्याची खोड. दुपारपर्यंत पाचही वाटा सुतासारख्या सरळ झाल्या.

गुरुवारी मुलं तुकड्यांमागे नावं घालायला आली. त्या पाचांतल्या चौघांनी निमूट घातली. पाचवी मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, तुकडा उलटसुलट करून म्हणाली, "हा माझा नाही."

"तुझाच गं. हा निळा दोरा बघ."

"दोरा माझा आहे. जिना माझा नाही."

तिचं घर चौथ्या मजल्यावर. एक पायरी, एक टाका, असं तिनं मोजून शिवलं होतं. जिथं जिथं लांब टाका होता, तिथं तिचे आजोबा दम खायला थांबत.

"तुम्ही त्यांना थांबूच दिलं नाही," ती म्हणाली. "हा लावू नका."

चाळिसातला एक गेला तर पांघरुणाला भोक पडणार होतं. पण मावशीला ते आठवलंही नाही. तिनं ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"मी उसवला. मला वाटलं, चुकलंय. परत घालशील?"

"आजोबा कितव्या पायरीला थांबतात, ते आकडे आठवत नाहीत. आजोबांबरोबर चढताना मोजले होते."

"मग चल, मोजू."

शाळा सुटल्यावर मावशीनं गाळा नवऱ्यावर सोपवला आणि आजोबांच्या मागून जिना चढली. अडुसष्ट पायऱ्या. आजोबा पाच ठिकाणी थांबले.

"आधी चारच थांबे होते," मुलगी म्हणाली.

"एकदा तुमच्या मावशीसाठी थांबलो," आजोबा म्हणाले. "त्यांनाही धाप लागलीय."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिथंच पायरीवर बसून शिवायला लागली. लांब टाके तिनं पाच घातले. मावशीनं कापड ताणून धरलं. एक टाका भलताच तिरपा गेला, तेव्हा मावशीनं जिन्याच्या खिडकीबाहेर पाहिलं.

शुक्रवारी पांघरूण वेळेवर लागलं. निळा जिना खालच्या रांगेत, कडेला. बघायला आलेले लोक त्या दुसऱ्या चार सरळ वाटांसमोर थांबून "काय सफाई आहे," म्हणत होते. मावशीनं त्या चौघांना एकेक करून गाठलं.

"अरे, मी बदलायच्या आधी तुझ्या तुकड्यात काय होतं?"

"वाट होती."

"अशी आखूड-लांब का होती?"

"आता सरळ आहे ना? छान आहे की, मावशी."

चौघांचंही उत्तर थोड्याफार फरकानं हेच. उसवलेले दोरे तर तिनं बुधवारी दुपारीच झाडून टाकले होते. अजूनही शाळा सुटली, की मुलं गाळ्यासमोरून घरी जाताना ती हातातलं काम थांबवून बघत राहते. त्या चार वाटांवर कोण कुठं थांबत होतं?